गोव्यातली पानगळ: कार्तिक सरताना रंग कुठे बघायचे आणि फोटोत कसे धरायचे?

रानवाट७३
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत काश्मीरचे चिनार पेटतात, त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात आणि मग एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्या गोव्यात काय, पावसात हिरवं आणि उन्हाळ्यात तपकिरी, मधलं काही नाहीच." मला हे अजिबात पटत नाही. डिसेंबरात वाळपईच्या बाजूला डोंगर तांबूस दिसतात, सडे (जांभ्याचे सपाट माळ) सोनेरी होतात, बदामाच्या झाडाखाली लाल पानांची रास पडते. हा रंग नाही तर काय?

जाणकारांनी कृपया सांगावं की कुठला रंग कशाचा, तो कधीपासून कधीपर्यंत टिकतो आणि फोटोत तो फिका का पडतो. मिररलेस कॅमेरा आहे, १८-५५ आणि ५५-२०० अशा दोन लेन्स आहेत. घरातल्या बाकीच्यांकडे फोन. डिसेंबरचा दुसरा शनिवार-रविवार मोकळा आहे, निघणार पणजीहून.

किंदळसावली
चांगला धागा काढलात. वाळपईकडचा तो तांबूस डोंगर पानांमुळे तांबूस नाही, फळांमुळे आहे. झाड किंजळ, आपल्याकडे किंदळ म्हणतात ते. पाऊस संपता संपता ते फुलतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात अख्खं झाड छोट्या पंखवाल्या फळांनी भरून जातं. लांबून वाटतं की पानं गंजली, पण जवळ जाऊन फांदी बघा, खालची पानं हिरवीच असतात.

एक फळ तळहातावर घ्या. जेमतेम नखाएवढं. तीन पंख, त्यातला एक मोठा आणि दोन अगदी लहान. मोठा पंख उन्हासमोर धरला की पातळ कागदासारखा गुलाबी-तांबडा उजळतो आणि त्यातल्या बारीक रेषा दिसतात. डोंगराचा रंग म्हणजे अशा लाखो पंखांतून येणारा उजेड. म्हणूनच ढगाळ हवेत हाच डोंगर मळकट दिसतो आणि तिरप्या उन्हात पेटतो. जानेवारीत फळं वाळून तपकिरी पडतात, तेव्हा तुमचा दुसरा आठवडा अगदी योग्य आहे.

गोव्यातले रंग एकदम येत नाहीत, एकामागून एक रांगेत येतात. ऑक्टोबरात सरद (पावसाळी) शेतीचं पिकलेलं भात. नोव्हेंबरात सड्यावरचं गवत. नोव्हेंबर-डिसेंबरात किंदळ. डिसेंबर ते फेब्रुवारी बदाम. जानेवारीपासून मोय आणि कुडा पिवळे, मग नाणा तांबूस. फेब्रुवारी-मार्चात ऐन, म्हणजे आपली माट्टी, आणि साग निष्पर्ण होतात. त्याच सुमारास कोशिंबाला लालभडक पालवी फुटते. एकाच शनिवार-रविवारी सगळं मिळणार नाही, त्या आठवड्यात कोणाची पाळी आहे ते बघून जायचं.

पानदेठ
किंदळसावलींची रांग बरोबर आहे, पण फळांच्या रंगाला पानगळ म्हणणं मला मान्य नाही. पानगळ म्हणजे पानाच्या देठाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटणं. त्याआधी झाड पानातलं हरितद्रव्य मोडून कामाची द्रव्यं परत आत ओढून घेतं. हिरवा गेला की आधीपासून असलेला पिवळा-केशरी उघडा पडतो. लाल मात्र आधीपासून नसतो, तो त्या वेळी नव्याने तयार होतो. त्याला भरपूर ऊन लागतं आणि रात्री गार असतील तर तो जास्त खुलतो.

चिनार-मेपलला सूचना मिळते ती लहान होत जाणाऱ्या दिवसाची आणि थंडीची. आपल्याकडे सर्वात लहान दिवसही सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो आणि थंडी म्हणजे पहाटेचा गारवा. इथली झाडं पानं टाकतात ती जमिनीतलं पाणी आटत जातं म्हणून. म्हणून आपली खरी पानगळ शरदात येत नाही, हेमंत ओलांडून शिशिरात येते. माघ-फाल्गुनात. पंचांगाने ती जागा बरोबर सांगितलेली आहे, आपण उगाच परदेशी कॅलेंडर लावून ऑक्टोबरात शोधत बसतो.

माडाचीसावली
फळ असो की पान, डोंगर लाल झाला ना? मग दोघेही जिंकलात. बदामाबद्दल कोणी तरी सविस्तर लिहा, तो तर दारातच मिळतो.

पानदेठ
@माडाचीसावली, लिहितो. देशी बदाम, मोठ्या पानांचा, मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या पसरणारा. गोव्यात पानं लाल करून टाकणारं हे सर्वात सोपं झाड. किनाऱ्याकडच्या गावांत, शाळांच्या आवारात, पणजीत रस्त्याकडेला सगळीकडे आहे. सगळं झाड एका दिवशी लाल होत नाही, शेजारी-शेजारी हिरवं, पिवळं, केशरी, गडद लाल अशी पानं असतात. फोटोला हीच मजा आहे. जोराचा वारा आला की पिकलेली पानं दोन-तीन दिवसांत खाली येतात, म्हणून झाड रंगलेलं दिसलं की पुढच्या रविवारची वाट बघू नका.

चौकटबाज
फोटोत रंग फिका का पडतो, हा धाग्याचा अर्धा प्रश्न आहे. कारणं तीन.

पहिलं, ऑटो व्हाइट बॅलन्स. कॅमेऱ्याला चौकटभर पिवळा-केशरी दिसला की तो उजेडच पिवळा आहे असं समजून निळा वाढवतो आणि सोनेरी गवत राखाडी करून टाकतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधून ठेवा, साधारण ५२०० ते ५६०० केल्विन. सावलीत शूट करत असाल तर ६५०० ते ७०००. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) टिपत असाल तर नंतर बदलता येतं, पण मागच्या पडद्यावर चुकीचा रंग दिसला की माणूस एक्स्पोजरही चुकीचं घेतो, म्हणून तिथेच बांधलेलं बरं.

दुसरं, पानावरची चकाकी. पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्यावर आकाशाचा पांढरा उजेड परावर्तित होतो आणि खालचा रंग झाकतो. त्यावर उपाय गोल फिरणारा पोलरायझर. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे असताना त्याचा परिणाम सर्वात जास्त. आधी चौकट आणि फोकस ठरवा, मग फिल्टर हळूहळू फिरवत पानांवरची चमक जाते ती जागा पकडा. कॅमेरा उभा केला की पुन्हा फिरवावा लागतो, हे बरेच जण विसरतात. दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा आयएसओ किंवा शटर त्या मानाने सुधारा.

तिसरं, लाल चॅनल फुटणं. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल पानांचा लाल रंग आधीच वरच्या टोकाला आपटलेला असतो. मग पानावरच्या शिरा, डाग, पोत सगळं पुसून एक सपाट लाल ठिपका उरतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर ०.३ ते ०.७ ने खाली घ्या. काळोख नंतर उचलता येतो, फुटलेला लाल परत येत नाही.

पोफळीतला
पोलरायझरबद्दल थोडा मतभेद. उन्हाविरुद्ध टिपलेल्या बदामाच्या पानाला पोलरायझर लावून काही साधत नाही. तिथे उजेड पानातून आरपार येतो, वरून परावर्तित होत नाही. फुकट दोन स्टॉप जातात आणि काचेचा एक थर वाढल्याने सूर्याच्या बाजूला भुतासारखे ठिपके येतात. तिथे फिल्टर काढा, हूड लावा. हूडही पुरत नसेल तर लेन्सच्या काचेवर टोपीची सावली पडेल अशी टोपी धरा.

चौकटबाज
@पोफळीतला, बरोबर. मी लिहिलं ते समोरून किंवा बाजूने ऊन असताना. आरपार उजेडाला फिल्टर काढायचाच. आणखी एक भर: १८ मिलिमीटरवर निळं आकाश घेऊन पोलरायझर लावला तर आकाशात एका बाजूला गडद पट्टा येतो. आकाश चौकटीत हवंच असेल तर फिल्टर अर्धाच फिरवा, नाहीतर ३५ च्या पुढे जा.

सडेकर
सड्यावरच्या गवताला कोणी हात लावला नाही अजून, म्हणून लिहितो. मला विचाराल तर गोव्याचा खरा सोनेरी रंग हाच.

जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर बोटभर. पाऊस थांबला की ओल झपाट्याने आटते आणि गवत आधी हिरवट-जांभळं, मग तांबूस, मग सोनेरी, शेवटी पांढुरकं होतं. तुऱ्यांवर बारीक केस असतात, उजेड अडकतो तो त्यातच. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन गवत टिपलं तर वाळलेलं गवत दिसतं, आणि सूर्य समोर घेऊन टिपलं तर प्रत्येक तुऱ्याला सोन्याची कड येते. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, तुऱ्यांच्या पातळीला. मागे सावलीतली झाडी किंवा काळा जांभा येईल असं बसा, कारण उजळ कडेला काळोखी पार्श्वभूमी लागते. आकाश मागे घेतलंत तर कड हरवते.

५५-२०० लेन्स २०० वर, एफ ५.६, शटर १/५०० किंवा जास्त, कारण गवत क्षणभरही स्थिर राहत नाही. आयएसओ ४०० ते ८०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. उलट हलणंच दाखवायचं असेल तर ट्रायपॉड, एफ १६, १/४ ते १/८ सेकंद आणि चौकटीत एखादा स्थिर दगड ठेवा. स्थिर काही नसेल तर तो फोटो नुसता हललेला वाटतो.

जागा: काणकोण तालुक्यातला काब द रामचा किल्ला आणि बाहेरचा सडा. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या भागात उभं राहून समुद्राकडे बघा. एक लक्षात ठेवा, डिसेंबरात सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, जवळजवळ २४ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. दिवसा जागा ठरवताना हे धरलं नाही तर ऐन वेळी तुरे एकीकडे आणि सूर्य दुसरीकडे.

जानेवारी लागला की गवताचा भरवसा नाही. काजूच्या बागांत हंगामाआधी गवत साफ करतात, बरंचसं कापलं जातं आणि वणवेही लागतात. गवताचे फोटो डिसेंबर संपायच्या आत.

फोनवालीबाय
फोनवाल्यांसाठी लिहिते. घरातल्या बाकीच्यांना या चारच युक्त्या शिकवा.

पडद्यावर लाल पानावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर तिथे बांधले जातील. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा, पान भरीव दिसेपर्यंत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दृश्य ओळखून रंग आपोआप वाढवणारा पर्याय असेल तर तो बंद करा. तो पानं बघून हिरवा वाढवतो, आणि आपल्याला नेमका हिरवा नको असतो. रुंद लेन्सने झाड टिपू नका, २ पट किंवा ३ पटची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या आणि मागे सरका, फांद्या दाट दिसतील. आणि निघण्याआधी लेन्सची काच सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकट डाग असेल तर उन्हाविरुद्धचा प्रत्येक फोटो धुरकट येतो, मग लोक हवेला दोष देतात.

जमिनीवर पडलेल्या बदामाच्या पानांसाठी फोन पानांच्या अगदी जवळ, उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते. एक पान पुढे, बाकी मागे विरत गेलेली. सुंदर येतो.

घाटमाथा
@रानवाट७३, तुम्ही सत्तरीकडे, म्हणजे वाळपईच्या तालुक्यात, जाणार असाल तर सर्वात मोठी चूक आधीच टाळा. पहाटे पाचला उठून चोर्ला घाटात किंदळ टिपायला जाऊ नका.

कारण साधं आहे. सह्याद्री आपल्या पूर्वेला. गोव्याच्या बाजूचे उतार पश्चिमेकडे तोंड करून उभे. डिसेंबरच्या मध्याला पणजीत सूर्योदय सात वाजायच्या थोडा आधी होतो, पण डोंगराच्या पायथ्याशी ऊन पोचायला बराच वेळ लागतो आणि पोचतं तेव्हा ते उतारावर नुसतं घासून जातं. उतार निळसर सावलीत, मागचं आकाश पांढरं. कॅमेऱ्याला दोन्ही जमत नाही. तेच दुपारी चारपासून साडेपाचपर्यंत ऊन सरळ उतारावर पडतं आणि किंदळ अक्षरशः तांबं ओतल्यासारखा दिसतो. सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर, पण शेवटची वीस-पंचवीस मिनिटं क्षितिजावरच्या धुरकट थरामुळे ऊन मंद होतं. साडेपाचला काम उरकलेलं असावं.

इथे लांब लेन्स. १५० ते २०० वर एकामागचे डोंगर एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात आणि हिरव्यात किंदळाचे तांबूस ठिपके मोजता येतात. रुंद लेन्सने तेच दृश्य बारीक पुरळासारखं दिसेल. घाटाची उंची सुमारे ८०० मीटर, माथ्यावरून खाली बघताना मध्ये हवेचा जाड थर येतो, तेव्हा पोलरायझर लावा. आणि घाटरस्त्यावर वळणावर गाडी थांबवू नका, अवजड वाहनं असतात. सरळ पट्ट्यात रुंद कड मिळेल तिथेच.

खाजनकाठ
सकाळ मग वाया घालवायची का? मुळीच नाही. सकाळ खाजनांना, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांना, द्या. डिसेंबर-जानेवारीत मांडवीतल्या दिवाडी, चोडण बेटांच्या बाजूला पाण्यावर आणि शेतांवर धुकं बसतं. सरदाची कापणी झालेली असते, खुंट सोनेरी-तपकिरी. जिथे गोडं पाणी आहे अशा वरच्या गावांत त्याच वेळी वायंगणाची (हिवाळी-उन्हाळी भाताची) तयारी चालू असते, तिथे पिवळट खुंटांच्या शेजारी रोपांचा पोपटी चौकोन दिसतो. हा शेजार दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही.

धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर फसतो. पांढरं जास्त दिसलं की तो चित्र काळवंडतो, म्हणून इथे एक्स्पोजर ०.७ ते १ ने वर घ्या, म्हणजे चौकटबाज यांनी लाल पानांसाठी सांगितलं त्याच्या उलट. सूर्य वर आला की धुकं तासा-दीड तासात उठतं. तेव्हा पावणेसातला बांधावर, साडेआठला न्याहारी.

आणि एसी गाडीतून काढून कॅमेरा लगेच बाहेर धरू नका. आपल्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते, पुसली तरी पुन्हा येते. काचा खाली करून या, नाहीतर कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून २०-३० मिनिटं हवेशी जुळू द्या.

सडेकर
खाजनकाठबाबांनी दमटपणाचा विषय काढलाच आहे तर थोडं विषयांतर. पावसाळाभर कपाटात ठेवलेली लेन्स हिवाळ्यात पहिल्यांदा काढाल तेव्हा मागून टॉर्च मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर बुरशी आहे. उन्हाविरुद्धच्या फोटोत हीच बुरशी धुरकटपणा आणते. साठवणीची आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवावी. कोरडं कपाट नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की तो तापवून पुन्हा वापरता येतो. कातडी केसमध्ये लेन्स ठेवू नये, कातडं ओल धरतं.

लालमाती
एक गोष्ट कोणी बोललं नाही. नोव्हेंबरनंतर कच्च्या रस्त्यांच्या कडेची झाडं तांबडी दिसतात ती धुळीने. विशेषतः डिचोली, सांगे भागात. लांबून पानगळ वाटते, फोटोत मात्र सगळी पानं एकाच मळकट विटकरी रंगाची आणि निस्तेज येतात. ओळखायची खूण सोपी आहे. पानाच्या खालच्या बाजूला बघा, रंग खरा असेल तर दोन्हीकडे दिसतो, धूळ असेल तर फक्त वर. रस्त्यापासून ५०-६० मीटर आत गेलात की धूळ संपते. जवळून एखादंच पान टिपायचं असेल तर फवारणीच्या छोट्या बाटलीत साधं पाणी घ्या.

पानदेठ
@लालमाती, फार उपयोगाची सूचना. त्यात आणखी एक भर घालतो. डिसेंबरात काजूच्या शेंड्यांना तांबूस पानं दिसतात, त्यालाही लोक पानगळ समजतात. ती पिकलेली पानं नाहीत, ती कोवळी पालवी. आंब्याचीही तशीच. फरक हाताला कळतो: पालवी मऊ, लोंबती, चकचकीत आणि फांदीच्या टोकाला. पिकलेलं पान कडक, डागाळलेलं आणि फांदीवर मागच्या बाजूला.

सागाचं पानही जरूर बघा. एका पतंगाच्या अळ्या शिरांच्या मधला हिरवा भाग खातात आणि शिरांची नुसती जाळी उरते. नोव्हेंबरात सागवनात अशी कितीतरी तपकिरी जाळीदार पानं लटकलेली असतात. उन्हासमोर एक जाळी धरून, मागे सावली ठेवून, एफ ८ वर टिपा. पान लेन्सच्या काचेशी समांतर हवं, जरा तिरपं झालं तरी अर्धी जाळी फोकसच्या बाहेर जाते.

माडाचीसावली
बदामाची वाळलेली पानं माशांच्या टाकीत घालतात हे माहीत आहे ना? पाणी चहासारखं होतं आणि बेट्टा मासे खूश. २०-२५ लिटरला एक पान. लाल असताना नाही, पूर्ण तपकिरी होऊन पडलेलं, धुऊन सुकवलेलं. फोटो झाले की दोन पानं खिशात टाका.

वनवाट
रंगाच्या नादात पायाखाली बघायला विसरू नका. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, आणि तो पसरतो गोचिडांमुळे. हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या फोटोंचा. वाळलेल्या पानांचा थर ही गोचिडांची आवडती जागा. तेव्हा कमी उंचीचा फोटो हवा म्हणून पाचोळ्यात आडवं पडू नका. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गोचीड लगेच दिसते. पँट मोज्यांत खोचा. उघड्या अंगाला गोचिडांवर चालणारं मलम लावा. बसायचं असेल तर प्लास्टिकची जाड चादर. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट तपासणी. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा.

अभयारण्याच्या हद्दीत शिरायला वनखात्याचं तिकीट किंवा परवानगी लागते आणि ड्रोन आत चालत नाही. बाहेरही उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग आधी बघा. दोन्ही विमानतळांमुळे गोव्याचा बराच भाग बंधनात येतो.

पोफळीतला
कुसळांचंही सांगा कोणीतरी. मोज्यांत घुसलेलं कुसळ आतून टोचत राहतं, त्याला मागे वळलेले बारीक केस असतात म्हणून ते हललं की आणखी आत जातं. गमबूट किंवा गुळगुळीत कापडाची पँट, लोकर-सुती अजिबात नको. आणि कॅमेऱ्याचा जाळीदार पट्टा गवतात ठेवू नका.

चौकटबाज
आता संगणकावरचं काम, कारण चांगला फोटो इथेच सर्वात जास्त बिघडतो. सॅच्युरेशनची (रंगाच्या गडदपणाची) पट्टी उजवीकडे ओढायचा मोह होतो. ती ओढली की लाल फुटतो, माती नारिंगी होते आणि माणसांचे चेहरे हळद लावल्यासारखे. त्याऐवजी रंगवार पट्ट्या वापरा. पिवळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) ५ ते १५ ने वर, गवत उजळतं. हिरव्याचं सॅच्युरेशन १० ते २० ने खाली, मग तांबूस आपोआप पुढे येतो. नारिंगीला शक्यतो हात लावू नका, किंदळाचा सगळा बारीक फरक तिथेच आहे. धुरकटपणा काढायची पट्टी १० ते १५ च्या वर नेऊ नका, डोंगरांच्या मधली हवा गेली की अंतरच जातं. पाठवायच्या फोटोची रंगजागा एसआरजीबी ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर तोच लाल विटलेला दिसतो.

किंदळसावली
चौकटबाजबाब, हिरवा खाली घेण्याबद्दल हात जोडून विनंती, जपून. आपल्या पानगळीत हिरवा असतोच. माडामागे बदाम, सदाहरित झाडीत एकच किंदळ, पोपटी वायंगणाशेजारी खुंट. हिरवा मारून डोंगरच्या डोंगर नारिंगी केला तर तो गोवा राहत नाही, कुठलाही परदेशी फोटो होतो. शेजारी हिरवा आहे म्हणूनच तो तांबडा तांबडा दिसतो.

चौकटबाज
मान्य. २० सोडा, १० सुद्धा जास्तच. ५ ते ८ वर थांबा.

रानवाट७३
एवढी सविस्तर उत्तरं! देव बरें करूं सगळ्यांना. वाचून आराखडा असा केला आहे. शनिवारी सकाळी दिवाडी, दुपारी केरीमार्गे चोर्ला. रविवारी सकाळी पणजीतले बदाम, संध्याकाळी काब द राम. एक शंका: बदाम सकाळी का संध्याकाळी? आणि खोतीगाव अभयारण्य यात बसवू का?

घाटमाथा
शनिवार उत्तम. पणजीहून दीडला निघा, केरीला अंजुणे धरणापाशी तीनच्या सुमाराला पोचाल. पाण्याच्या कडेने किंदळाचं प्रतिबिंब मिळतंय का बघा. वारा मात्र दुपारी समुद्राकडून सुटतो, पाणी हललेलं असेल तर तिथे थांबू नका, चारला वर घाटात असायला हवं.

पानदेठ
खोतीगाव डिसेंबरात नको. तिथली पानझडी झाडं तेव्हा हिरवीच असतात. ते फेब्रुवारीच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवा, कोशिंबाच्या लाल पालवीसाठी.

बदामाला सकाळचे आठ ते साडेनऊ. वारा पडलेला असतो आणि ऊन इतकं तिरपं की आडव्या फांद्यांच्या खालून आत शिरतं. झाडाच्या वायव्येला उभे राहा, आग्नेयेकडे बघा, सूर्य खोडामागे लपवा. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणं) एका लाल पानावर, एफ ५.६. पार्श्वभूमीला सावलीतली भिंत मिळाली तर पान दिव्यासारखं दिसेल. चौकट लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं झाडाखाली उभं राहून वर बघा. हिरवा रंग शिरांच्या कडेने शेवटपर्यंत रेंगाळलेला असं एखादं पान सापडेल, आधी ते टिपा.

सडेकर
रविवारी काब द रामला साडेचारपर्यंत पोचा. गवत उरलंय की कापलंय ते आधी चालून बघा, मग जागा धरा. किल्ल्यावर गवत नसेल तर बाहेरच्या सड्यावर बघा, तिथे सहसा उरतं. टॉर्च बरोबर घ्या, सव्वासहानंतर जांभ्याच्या भेगा दिसत नाहीत.

फोनवालीबाय
आणि आल्यावर फोटो इथेच टाका, फोनचे सुद्धा. कुठल्या तारखेला कुठे किती रंग होता तेही लिहा, पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना तीच नोंद लागेल.